धन्वंतरी महाल ते अड्यार

तंजावरास गेलेला मराठी माणूस सरस्वती महालातील मोडी रुमाल पाहतो, बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली कोरलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ शिलालेख शोधून काढतो आणि कृतार्थ होऊन परततो. तो लेख ज्यांनी कोरविला त्याच दुसऱ्या सरफोजी राजांच्या (राज्यकाल 1798 ते 1832) धन्वंतरी महालाची आठवण मात्र सहसा कोणी काढीत नाही. राजे श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेले, काही काळ मद्रासेस शिकलेले. त्यांच्या या संस्थेत आयुर्वेद, सिद्ध, युनानी व पाश्चात्त्य अशा चारही पद्धतींना स्थान होते. तेथील उपाययोजना तमिळ पद्यात बांधल्या गेल्या आणि पुढे ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने सरस्वती महालाने त्या रोगवार छापल्या.

परंतु माझ्या कारकुनी नजरेला त्या पद्यांहून दुसरे एक दफ्तर अधिक मोलाचे वाटते. राजांच्या काळी नेत्ररोग्यांवर झालेल्या उपचारांची टिपणे तेथे जपलेली असून त्यांत 44 रोग्यांची हकीकत आहे. पद्यांत औषध कोणते ते सांगितले आहे. ते घेऊन रोग्याचे पुढे काय झाले हे कळावयास टिपणच हवे.

हे सारे चाळण्यास कारण घडले ते घरगुती आहे. गावी थोरल्या वहिनींच्या स्तनात गाठ आली, तेव्हा दादांनी कोणा परिचिताच्या सांगण्यावरून एका वैद्याचा पाला सुरू केला. शस्त्र लावले की रोग पसरतो, अशी त्या गृहस्थांची ग्वाही होती. सात महिने काढा चालला. मग वहिनींना इकडे चेन्नईस आणले, तेव्हा रोग काखेपर्यंत गेला होता.

गंमत अशी की, ज्या परंपरेचे नाव घेऊन शस्त्राची भीती घातली गेली, तिचा आद्य शल्यविशारद सुश्रुत अर्बुदाविषयी नेमके उलट सांगतो. मांसार्बुद त्याने असाध्य मानले आहे. आणि जे कापावयाचे ते समूळ कापावे, शेष राहिल्यास ते पुन्हा वाढते, असा त्याचा इशारा आहे. आपण पूर्वजांचा अभिमान बाळगतो, त्यांचे ग्रंथ तेवढे वाचीत नाही.

तरीही दादांना मूर्ख ठरवावयास मी तयार नाही. या शहरातच डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी होऊन गेल्या. 1912 साली मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या या बाईंच्या धाकट्या बहिणीला गुदाशयाचा कर्करोग झाला, आणि आरंभी तो आमांश समजला गेला. 1923 साली ती गेली. ज्या घरात डॉक्टर होती तेथे ही गत. मग आमच्या घराची काय कथा! बाईंनी मात्र ते दुःख कामाला जुंपले. त्या लंडनला जाऊन या रोगाचे शिक्षण घेऊन आल्या. कर्करोगाने माणसे मरतातच, मग इस्पितळ कशाला, अशी त्या काळची सरकारी वृत्ती होती. फायलींत वावरणाऱ्याला ही भाषा अनोळखी नाही. 1952 साली पंडित नेहरूंच्या हस्ते अड्यारला कोनशिला बसली आणि 1954 च्या जूनमध्ये अवघ्या 12 खाटांवर संस्था सुरू झाली. त्यांचे चिरंजीव डॉ. कृष्णमूर्ती आणि 1955 साली आलेल्या डॉ. शांता यांनी ती पुढे वाढविली.

आणि पाल्याचे म्हणाल, तर त्याचाही इतिहास लहान नाही. आपल्या अंगणातली सदाफुली, तमिळमध्ये नित्यकल्याणी, जमेकात मधुमेहावर घेत असत. कॅनडात रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांनी ती उंदरांना दिली. साखर उतरेना, पण रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या. ही अनपेक्षित नोंद त्यांनी टाकून दिली नाही, आणि 1958 साली विनब्लास्टिन जगापुढे आले. त्याच्या एका ग्रॅमसाठी सुमारे 500 किलो वाळलेली पाने लागतात! तिचेच दुसरे द्रव्य विनक्रिस्टिन; ते प्रौढास एका वेळी 2 मिलिग्रॅमहून अधिक देत नाहीत. चुलीवरच्या काढ्यात हे माप कोण राखणार?

वहिनींना जे औषध चढविले ते पॅक्लिटॅक्सेल. अमेरिकेतील यू नावाच्या वृक्षाची साल 1962 साली गोळा झाली, 1971 साली मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारास जन्मलेले मनसुख वाणी यांनी तिच्यातील द्रव्याची रचना उलगडली, आणि रोग्यांवरील चाचण्या होऊन परवाना मिळेपर्यंत 1992 उजाडले. याच जोडीने 1966 साली एका चिनी झाडात शोधलेले कँप्टोथेसिन पुढे आपल्या सह्याद्रीतील नरक्यातही सापडले. 1972 साली गोरेगावच्या प्रयोगशाळेतून ते प्रसिद्ध करणारे गोविंदाचारी हे पूर्वी मद्रासच्याच प्रेसिडेन्सी कॉलेजातले. त्यानंतर नरक्याची सह्याद्रीत जी तोड झाली, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

ही हकीकत मी इस्पितळात वहिनींना सांगितली. त्या म्हणाल्या, “म्हणजे झाडपालाच की, भावोजी.” मी होय म्हणालो. त्यावर, “मग आधी का नाही आणलंत?” एवढेच त्यांनी विचारले. दादा खिडकीपाशी उभे होते.

त्यानंतर वहिनी दोन वर्षे होत्या. काढ्याच्या दिवसांत दादांनी हिशेबाची वही ठेवली होती, ती आता माझ्याकडे आहे. तारीख, पुड्या, एस.टी.चे भाडे, वैद्याची दक्षिणा, सारे व्यवस्थित मांडलेले आहे. गाठ केव्हा केवढी होती, हे एकाही पानावर लिहिलेले नाही.