एकगठ्ठा मतांचा विसरलेला हक्क

‘प्रतिनिधी’ हा शब्द मराठीत जुना असला तरी त्याचा आजचा अर्थ तेवढा जुना नाही. छत्रपती राजारामांनी जिंजीस प्रल्हाद निराजींसाठी जे पद निर्माण केले, त्यातील प्रतिनिधी राजाचा होता, रयतेचा नव्हे. रयतेचा प्रतिनिधी ही कल्पना विसाव्या शतकातील घटनात्मक सुधारणांबरोबर रुळली, आणि तिच्या पाठोपाठ एक अवघड प्रश्न आला : कोणत्या रयतेचा?

पुणे करारावर (24 सप्टेंबर 1932) आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. स्वतंत्र मतदारसंघ गेले, प्रांतिक कायदेमंडळांत दलितांना 148 राखीव जागा मिळाल्या, त्यांपैकी 15 मुंबई प्रांतात. हे आपण वर्गात शिकवतो आणि पुढे जातो. परंतु संयुक्त मतदारसंघात मत टाकायचे कसे, याविषयी करार मौन बाळगतो, आणि आमच्या मते खरा झगडा तेथेच होता.

मतदारसंघात दोन जागा आहेत, त्यांपैकी एक राखीव, आणि प्रत्येकाला दोन मते आहेत असे समजा. एका उमेदवारास एकच मत देता येईल असा नियम केला, तर सवर्ण मतदार पहिले मत आपल्या माणसास देतो. दुसरे मत त्याच्या हाती फुकटचे उरते, आणि त्या मताने तो आपल्याला सोयीचा दलित उमेदवार निवडून आणतो. हजारांत अडीचशे दलित मतदार असले तर त्यांची अडीचशे मते साडेसातशेंपुढे काय टिकणार? उलट दोन्ही मते एकाच उमेदवारास देण्याची मुभा असली, तर अडीचशे मतदारांची पाचशे मते होतात. शिवाय सवर्णांस दुसऱ्याच्या जागेत ढवळाढवळ करण्याची किंमत मोजावी लागते. कारण तेथे टाकलेले प्रत्येक मत त्यांच्या स्वतःच्या उमेदवाराकडून काढून घ्यावे लागते. विजयाची हमी याही पद्धतीत नाही, पण पारडे बरेच समतोल होते.

मुंबई प्रांतात 1937 च्या निवडणुकीत ही दुसरी पद्धत होती. डॉ. आंबेडकरांच्या, जेमतेम काही महिन्यांपूर्वी स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने 15 राखीव जागांपैकी 11 जिंकल्या. या यशाचे श्रेय चळवळीचेच. तथापि मतपत्रिकेच्या रचनेचाही त्यात वाटा होता, असे आम्हांस वाटते. आज ‘एकगठ्ठा मते’ हा शब्दप्रयोग आपण नाक मुरडून करतो. त्या काळी तो मतदाराचा कायदेशीर हक्क होता!

मैंदर्गीकरांना मात्र तो कधीच लाभला नाही. कन्नड आणि मराठी यांच्या सीमेवरचे, आज अक्कलकोट तालुक्यात असलेले हे गाव तेव्हा संस्थानी मुलखात होते. शेजारच्या सोलापुरात मतदान होत असताना येथील प्रजेला मुंबईच्या विधिमंडळात प्रतिनिधी पाठविण्याचा अधिकारच नव्हता. 1948 साली संस्थाने विलीन झाली, आणि प्रौढ मताधिकार आला तेव्हा गठ्ठ्याने मत देण्याची मुभा संपली होती.

ती संपली कशी, यात एक विलक्षण पेच आहे. 4 जानेवारी 1949 रोजी घटना समितीत मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अशाच एकत्रित मतदानाची दुरुस्ती मांडली. तिला विरोध केला तो आंबेडकरांनी. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाला साक्षरता लागते, विखुरलेल्या विधिमंडळात स्थिर सरकार उभे राहत नाही, ही त्यांची कारणे. मसुद्याचे शिल्पकार म्हणून ही भूमिका समजण्याजोगी आहे. तरीही 1937 चा अनुभव पाठीशी असलेल्या नेत्याने ती घ्यावी, हे आम्हांस अजून पुरते उलगडत नाही. अल्पसंख्याकांच्या बाजूने करीमुद्दीन तेव्हा जे मागत होते, ते आंबेडकरांच्या पक्षाने वापरून पाहिलेले होते.

1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने एका उमेदवारास एकच मत, असे ठरले. 1952 मध्ये उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघातील राखीव जागेवर आंबेडकर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून पराभूत झाले. त्याच निवडणुकीत सोलापूरने मात्र शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज अशी जोडी लोकसभेत धाडली. नियम एकच, निकाल दोन; पक्षांची समजूत असली की दुसरे मत उपयोगी पडते, नसली की तेच घात करते.

द्विसदस्य मतदारसंघ 1961 च्या कायद्याने रद्द झाले. सोलापूर लोकसभा मतदारसंघ 2009 च्या निवडणुकीपासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. त्यात अक्कलकोट तालुका येतो, आणि मैंदर्गीच्या मतदाराला तेथे एकच मत असते.