घरच्या घरी रेझिनचा ससाणा

जॉन ह्यूस्टन दिग्दर्शित 'द माल्टीज फाल्कन' (१९४१) या चित्रपटात ज्या काळ्या ससाण्याच्या मूर्तीपायी खून पडतात, ती अखेरीस शिशाची नक्कल निघते. चित्रीकरणातील अशाच एका शिशाच्या मूर्तीला २०१३ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ४० लाख डॉलरहून अधिक किंमत आली. हौशी मंडळी तिची प्रतिकृती घरीच रेझिनमध्ये ओततात.

प्रथम मातीचा नमुना घडवून त्यावर सिलिकॉन रबराचा दोन भागांचा साचा घेतात. मातीत गंधक असल्यास प्लॅटिनम प्रकारचे रबर घट्ट होत नाही आणि महागडा माल वाया जातो. नमुन्यावरील बोटाचा ठसासुद्धा साच्यात हुबेहूब उतरतो. त्यामुळे खरी मेहनत इथेच.

पॉलियुरेथेन रेझिनचे दोन द्रव एकत्र करताच ते तापते व काही मिनिटांत घट्ट होऊ लागते. त्यातील आयसोसायनेटचा पाण्याशी संयोग झाल्यास कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणून मुंबईतल्या पावसाळ्यात ओतीव काम बुडबुड्यांनी भरते. परंतु त्याहून मोठा धोका फुप्फुसांना आहे. आयसोसायनेटची अ‍ॅलर्जी एकदा जडली की पुढे अत्यल्प वाफेनेही दमा उसळू शकतो. कापडी मास्क येथे कुचकामी. रासायनिक वाफा रोखणारा मास्क, हातमोजे आणि खेळती हवा हवीच. स्वयंपाकघरात तर हा उद्योग नकोच.

थोडे रेझिन ओतून साचा सतत फिरवल्यास मूर्ती पोकळ होते. शिशाचा भास हवा असल्यास त्या पोकळीत लोखंडी छर्रे भरावेत आणि मग काळा रंग द्यावा.