जमिनीवर नसलेल्या गावाचा इतिहास

इतिहासाच्या तासाला आपण विद्यार्थ्यांना नाणी, ताम्रपट, खापरांचे तुकडे यांची ओळख करून देतो. माणसे जातात, वस्तू मागे उरतात आणि त्या बोलतात, असे आपण सांगतो. पण जे गाव जमिनीवर कधी वसलेच नाही, त्याचा इतिहास कशावरून लिहायचा?

'हॅबिटॅट' हे असेच एक गाव. अमेरिकेतील लुकासफिल्म कंपनीत चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी ते उभारले आणि १९८६ साली त्याची चाचणी सुरू झाली. कॉमोडोर-६४ हा घरगुती संगणक दूरध्वनीच्या तारेने मध्यवर्ती संगणकाला जोडला, की पडद्यावर रस्ते, घरे आणि इतर रहिवासी दिसत. प्रत्येक खेळाडूची एक बाहुली असे. ती चाले, बोले, खरेदी करे.

याची रचना नीट पाहू. चित्रे खेळाडूच्या घरच्या चकतीवर असत. मात्र कोण कुठे उभा आहे, कोणाच्या खात्यात किती टोकन आहेत, याची नोंद मध्यवर्ती संगणक ठेवी. म्हणजे नुसती चकती जपून गाव जपले जात नाही. मध्यवर्ती संगणक थांबला की गाव संपले.

समजा, त्या संगणकातील सर्व नोंदीही जपल्या. तेवढ्याने भागेल का? एका सकाळी रोजच्या अहवालात दिसले, की गावातील एकूण पैसा रातोरात पाचपट झाला आहे. आज्ञावलीत चूक असावी, असे चालकांना वाटले. शोध घेता काही खात्यांत प्रचंड रक्कम आढळली. त्या खेळाडूंना विचारले, तर ते सांगायला तयार होईनात. बरीच मनधरणी केल्यावर उलगडा झाला. एका यंत्रात ७५ टोकनांना मिळणारी बाहुली गावाच्या दुसऱ्या टोकाचे यंत्र १०० टोकनांना विकत घेत होते. १८,००० टोकनांचा स्फटिकगोळा ३०,००० ला खपत होता. खेळाडूंनी रात्रभर फेऱ्या मारल्या होत्या! पुढे याच पैशातून त्यांनी गावासाठी खजिनाशोधाचे खेळ भरवले.

येथे पुराव्याचे दोन प्रकार दिसतात. पैसा किती वाढला, हे यंत्राने सांगितले. का वाढला, हे माणसांनी सांगितले. मॉर्निंगस्टार आणि फार्मर यांनी १९९० साली एका परिषदेतील निबंधात ही हकिकत नोंदवली, म्हणूनच ती आपल्याला माहीत आहे.

२०१६ साली ऑकलंडच्या म्यूझियम ऑफ आर्ट अँड डिजिटल एंटरटेनमेंटच्या प्रयत्नांतून हॅबिटॅटची मूळ आज्ञावली खुली झाली. स्वयंसेवकांनी गाव पुन्हा चालू केले. आता तेथील रस्त्यांवरून फिरता येते, पण त्या रात्री बाहुल्या घेऊन धावणारी माणसे तेथे भेटत नाहीत.

आपल्याकडे २०२० साली पबजी मोबाइलवर बंदी आली. आपल्या वर्गांतील कित्येक मुलांच्या संध्याकाळी त्यात गेल्या होत्या. तो खेळ चांगला की वाईट, हा वाद बाजूला ठेवू. मुले कोणाशी बोलत, कोणते संकेत पाळत, कशावरून भांडत, हे मात्र कोणत्याच यंत्रातून पूर्णपणे परत मिळणार नाही. 'माझ्या खेळातील एक दिवस' असा निबंध आपण वर्गाला जरूर द्यावा. तारीख घालायला सांगावे आणि वह्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. उद्याच्या इतिहासकाराची ती खापरे आहेत.