उशाशी जागणाऱ्यांचा अधिकार

अत्यवस्थ रुग्णाची शुश्रूषा म्हणजे ज्याचा श्वास, नाडी किंवा शुद्ध कोणत्याही क्षणी हरपू शकते, अशा माणसावर अखंड लक्ष ठेवणे आणि त्याच्या देहाची जी कामे त्याला स्वतःला करता येत नाहीत ती सर्व त्याच्यासाठी करणे होय. पुण्याजवळच्या निगडीपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात हे काम आज 'अतिदक्षता विभाग', म्हणजे बोलण्यातला आयसीयू, या नावाने आणि यंत्रांच्या सोबतीने चालते; परंतु त्यामागची नीती यंत्रांहून जुनी आहे आणि तिचा मोठा भाग ग्रंथांत नव्हे, तर रुग्णाच्या खाटेशेजारी घडला आहे.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ पसरली तेव्हा लागण झालेल्या माणसाला बरे करील असे औषध कोणाकडेही नव्हते. यशवंतराव फुले यांनी हडपसर परिसरात रुग्णांसाठी दवाखाना उघडला, त्यांच्या आई सावित्रीबाई तेथे रुग्णांची सेवा करू लागल्या आणि त्या सेवेतच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. उपचार शक्य नसले तरी रुग्णाला एकटे सोडायचे नाही, हे परिचर्येच्या नीतीचे पहिले कलम मानले, तर महाराष्ट्रात ते येथे आचरणातून लिहिले गेले.

हेच काम शिकून, वेतन घेऊन करण्याचा मार्ग मात्र खडतर होता. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे आणि मलमूत्र उचलणे ही कामे कुलीन स्त्रीला अशोभनीय आणि विटाळाची मानली जात असताना, १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली विधवांसह अनेक स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवले. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात या पावलाचा उल्लेख ओझरता येतो, हे अन्यायाचे आहे. कारण स्पर्शाविषयीचा एवढा जुना संकोच व्याख्यानांनी नव्हे, तर या स्त्रियांच्या रोजच्या कामाने मोडला.

पिंपरीचा या इतिहासातील वाटा वेगळ्या प्रकारचा आहे. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने तेथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. अशी औषधे मिळू लागण्यापूर्वी न्यूमोनियाच्या रुग्णाला ताप उतरेपर्यंत पाणी पाजणे, अंग पुसणे, उशी उंच करून श्वास सुकर करणे एवढेच हाती असे. पेनिसिलिनमुळे परिचारिकेचे काम हलके झाले असे मात्र नाही, कारण साध्या पेनिसिलिनची सुई दर काही तासांनी, रात्रीसुद्धा, टोचावी लागे आणि काचेच्या पिचकाऱ्या उकळून ठेवाव्या लागत. औषधाचा गुण घड्याळ पाळणाऱ्या माणसावर अवलंबून राहिला.

१९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन होऊन निगडी परिसरात कामगारांच्या वसाहती उभ्या राहू लागल्या, तरी अत्यवस्थ रुग्णाला सरकारी उपचारासाठी दूरवरच्या ससूनकडे न्यावे लागे. पुढे महापालिकेचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय उभे राहिल्यावर ही स्थिती पालटली. अशा रुग्णालयांतल्या अतिदक्षता विभागाची जगातील सुरुवात १९५२ च्या कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीतून झाली, जेथे वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हातांनी फुगा दाबून रुग्णांचा श्वास चालू ठेवला. पुढे श्वासाचे काम यंत्राने उचलले आणि त्याबरोबर पूर्वी क्वचितच पडणारा प्रश्न रोजचा झाला, तो म्हणजे जगवणे शक्य असले तरी कुठवर जगवावे.

या प्रश्नाची भारतातील सर्वांत कठोर परीक्षा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात झाली. तेथील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच हल्ला झाला, गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायूपुरवठा तुटला आणि त्या १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, सुमारे ४२ वर्षे, भान नसलेल्या अवस्थेत राहिल्या. त्यांना यंत्राचा श्वास लागत नव्हता. लागत होते ते मऊ केलेले अन्न भरवणे, स्वच्छता राखणे आणि कूस बदलणे. एकाच अंगावर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांना शय्याव्रण म्हणतात आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या परिचर्येची खरी कसोटी तीच असते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी त्यांना तपासले तेव्हा, हल्ल्यानंतर ३७ वर्षांनी, त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण नव्हते. एकामागून एक आलेल्या परिचारिकांच्या पिढ्यांविषयी याहून मोठे प्रमाणपत्र असू शकत नाही.

पत्रकार पिंकी विराणी यांनी हे जिणे थांबवू द्यावे अशी याचिका केली होती, तर परिचारिकांचा तिला विरोध होता. सन्मानाने मरण्याचा विचार आणि सांभाळण्याचा निर्धार या दोन्हींमागे करुणाच होती. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने कठोर अटींवर निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे जीव टिकवणारे उपचार थांबवण्याला, वाट करून दिली. परंतु अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांना रोज सांभाळणाऱ्या रुग्णालयातील माणसांचा आहे, असेही ठरवले. खाटेशेजारच्या श्रमातून नैतिक अधिकार जन्मतो, हे तत्त्व त्या निकालाने मान्य केले.

पुढच्या नियमांत मात्र ते तत्त्व हरवले. ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. उपचार थांबवण्यापूर्वी दोन वैद्यकीय मंडळांनी मत द्यावे असे त्यात ठरले आहे, पण ती दोन्ही मंडळे डॉक्टरांचीच आहेत. रात्री तीन वाजता रुग्णाच्या कपाळावरची आठी कोणत्या स्पर्शाने सैल होते आणि शुद्धीत असताना तो काय बोलला होता, हे ज्या व्यक्तीला ठाऊक असते, तिला तेथे आसन नाही. ते दिले गेले पाहिजे, आणि तोवर परिचारिकेच्या लेखी नोंदी तरी त्या मंडळांसमोर अनिवार्यपणे ठेवल्या गेल्या पाहिजेत.