शेजारधर्म आणि धर्मप्रसार

धर्मप्रसाराचा इतिहास सांगतांना राजे, धर्मपरिषदा आणि नामांकित उपदेशक यांचींच नांवें बहुधा पुढें येतात. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या तीन शतकांना हें माप पुरेसें पडत नाहीं. त्या काळीं या धर्मापाशीं सैन्य नव्हतें, राजाश्रय नव्हता, आणि अधूनमधून छळाची लाट येई ती वेगळीच. असें असूनहि तो रोमन साम्राज्यांतील नगरानगरांतून पसरला. तो कोणीं पसरविला?

या प्रश्नाचें एक उत्तर विरोधकानेंच देऊन ठेविलें आहे. इ. स. १७८ च्या सुमारास केल्सस नांवाच्या तत्त्वज्ञानें ख्रिस्ती मताचें खंडन करणारा ग्रंथ लिहिला. मूळ ग्रंथ नष्ट झाला. परंतु पुढें ओरिजेन या ख्रिस्ती पंडितानें त्याला उत्तर देतांना त्यांतील पुष्कळसे उतारे दिले, म्हणून तो आज कळतो. हा धर्म विद्वानांच्या सभेंत नव्हे, तर लोकरीचें काम करणारे, मोची आणि परीट यांच्या तोंडून घरांतील बायकामुलांत पसरतो, असा केल्ससचा उपहास होता. इतिहासकाराला मात्र हा उपहास मोलाचा पुरावा वाटतो.

शेजारचा परीट कांहीं बोलला, एवढ्यावरून कोणी आपले देव बदलीत नाहीं. त्याचें वागणें वर्षानुवर्षें पाहिल्यावर मात्र मनांत कुतूहल उत्पन्न होतें. आणि वागण्याची खरी परीक्षा संकटांत होते. तशी परीक्षा इ. स. २५० च्या सुमारास आली. डेशियस बादशहानें सर्वांनीं रोमन देवांना बळी अर्पण करावा असें फर्मान काढलें, आणि तें न मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. त्याच सुमारास साम्राज्यांत एक भयंकर महामारी शिरली व पुढें अनेक वर्षें ठाण मांडून राहिली. कार्थेज शहराच्या रस्त्यांत प्रेतें पडूं लागलीं. तेथील बिशप सिप्रियन यानें आपल्या अनुयायांना सांगितलें कीं, केवळ आपल्याच माणसांची शुश्रूषा करण्यांत विशेष तें काय? ज्यांनीं छळ केला त्यांचीहि सेवा झाली पाहिजे. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस यानें आपल्या पत्रांत, रोग्यांची सेवा करतां करतां स्वतः मृत्यु पावलेल्या ख्रिस्ती स्त्रीपुरुषांचें वर्णन केलें आहे. औषध नसलें तरी वेळेवर पाणी, पेज आणि आधार मिळाल्यानें कित्येक रोगी वांचतात. असा वांचलेला मनुष्य आपल्याला पाणी कोणीं पाजलें हें विसरत नाहीं.

इ. स. ३१२ च्या सुमाराची एक हकीगत अशीच आहे. सक्तीच्या सैन्यभरतींत धरलेल्या कांहीं इजिप्शियन तरुणांना थीब्ज येथें कोंडून ठेविलें होतें. संध्याकाळीं गांवांतील कांहीं अनोळखी लोक त्यांच्यासाठीं अन्न घेऊन आले. त्या तरुणांत पॅखोमियस नांवाचा एक होता. हे लोक कोण, असें त्यानें विचारलें, तेव्हां ते ख्रिस्ती असल्याचें त्याला कळलें. सुटका झाल्यावर त्यानें बाप्तिस्मा घेतला, आणि पुढें एकत्र राहून श्रम व प्रार्थना करणाऱ्या संन्याशांचे मठ त्यानें इजिप्तमध्यें स्थापिले.

या हकीगती ख्रिस्ती लेखकांच्याच आहेत, अशी शंका कोणी घेईल, आणि ती रास्त आहे. म्हणूनच ज्यूलियन बादशहाची साक्ष महत्त्वाची ठरते. बाळपणीं ख्रिस्ती शिक्षण मिळूनहि त्यानें तो धर्म सोडला होता आणि जुन्या देवतांची उपासना पुन्हां ऊर्जितावस्थेला आणण्याचा त्याचा निश्चय होता. इ. स. ३६२ सालीं गॅलेशिया प्रांताच्या मुख्य पुरोहिताला लिहिलेल्या पत्रांत त्यानें विषादानें कबूल केलें कीं, हे लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याहि गरिबांना पोसतात. परक्यांविषयीं आस्था आणि मृतांच्या दफनाची काळजी, यांमुळें त्यांचा पंथ वाढला, असें त्याचें निदान होतें. उपाय म्हणून त्यानें गांवोगांवीं धर्मशाळा काढण्याची आज्ञा दिली आणि वर्षाला ३०,००० मोडियस गहूं मंजूर केला.

पुढच्याच वर्षीं इराणच्या मोहिमेंत ज्यूलियन मारला गेला, त्यामुळें त्याच्या योजनेला अवधि मिळाला नाहीं. तरी एक भेद स्पष्ट दिसतो. त्याचा गहूं सरकारी कोठारांतून यावयाचा होता. थीब्जचें अन्न लोकांनीं आपल्या घरांतून आणलें होतें.

इ. स. ३८० सालीं थिओडोशियस बादशहानें ख्रिस्ती धर्माला राजधर्म केलें. त्यानंतर जुन्या देवळांवर बंदी आली, आणि नवा धर्म स्वीकारणारा प्रेमानें आला कीं भयानें, हें ओळखणें कठीण झालें. सत्ता हातीं नसतांनाच्या काळाविषयीं हा संशय घेतां येत नाहीं. त्या काळाच्या बिशपांचीं नांवें ग्रंथांतरीं आढळतात. थीब्जच्या कोंडवाड्याशीं अन्न घेऊन गेलेल्यांचीं नांवें मात्र कोणीं लिहून ठेविलीं नाहींत.