यीस्टपेशीच्या विभाजनाचे नियंत्रण : नामे आणि शोध

पेशीविभाजनाच्या नियंत्रणाचा इतिहास सामान्यतः शोधांची मालिका म्हणून सांगितला जातो. तो नामांचा इतिहास म्हणूनही वाचता येतो. आणि तसा वाचला असता एक चमत्कारिक वस्तुस्थिती नजरेस येते. सुमारे पंधरा वर्षे तीन-चार ठिकाणचे संशोधक एकाच प्रथिनाविषयी निरनिराळ्या नावांनी बोलत होते, आणि आपला विषय एकच आहे याची त्यांना बराच काळ कल्पना नव्हती.

ज्या दोन यीस्टजातींवर हे संशोधन मुख्यतः झाले, त्यांच्या नावांपासूनच प्रारंभ करणे सोयीचे आहे. पहिली साक्कॅरोमायसीज सेरेव्हिसी. ही पाव फुगवते, बिअर आंबवते आणि मुकुलनाने वाढते. दुसरी शिझोसाक्कॅरोमायसीज पोंबे; ही कांडीच्या आकाराची असून मधोमध दुभंगते. लॅटिन ‘सेरेव्हिसिया’ म्हणजे बिअर आणि स्वाहिली ‘पोंबे’ म्हणजेही बिअर. पाउल लिंडनर यांनी १८९३ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अशाच पेयातून ती वेगळी केली होती. ‘साक्कॅरो’ हा ग्रीक अंश तर आपल्या ‘शर्करे’चाच वंशज असून ‘साखर’ हे त्याचे मराठी भावंड होय. परंतु नामसादृश्यावरून या दोन जाती निकटच्या नातलग आहेत असे समजणे चुकीचे ठरेल. उत्क्रांतीच्या मार्गावर त्यांची फारकत कोट्यवधी वर्षांपूर्वीच झालेली आहे, आणि या दुराव्यालाच पुढे पुराव्याचे मोल आले.

विभाजनाच्या वेळी पेशीत काय काय घडते, याचे वर्णन १९७० पूर्वीच बरेच तपशीलवार झाले होते. ते केव्हा घडावे हे कोण ठरविते, या प्रश्नाला मात्र उत्तर नव्हते. सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात लेलंड हार्टवेल यांनी या प्रश्नाला जननशास्त्राच्या बाजूने हात घातला. विभाजनाला अत्यावश्यक असे जनुक बिघडले, तर पेशी मरते आणि अभ्यासाला काही उरतच नाही. म्हणून त्यांनी २३ अंश सेल्सियसला सुरळीत वाढणारे, परंतु ३६ अंशांना अडून बसणारे उत्परिवर्ती प्रकार निवडले. मुकुलाचा आकार पाहून पेशी चक्राच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे कळते. म्हणजे यीस्टने आपल्या अंगावरच घड्याळाचा काटा बाळगला आहे असे म्हणावयास हरकत नाही. ज्या प्रकारात सर्व पेशी एकाच आकारावर थबकतात, त्यातील बिघाड चक्राच्या विशिष्ट पायरीचा असला पाहिजे. १९७० च्या पहिल्या निबंधानंतर १९७३ पर्यंत अशा १४८ उत्परिवर्ती प्रकारांची वर्गवारी ३२ जनुकांत झाली. त्यांना ‘सीडीसी’ ही अक्षरे आणि पुढे अनुक्रमांक, एवढेच नाव मिळाले.

या यादीतील २८ वा क्रमांक निराळा होता. त्यात बिघाड झाला की मुकुल फुटत नाही आणि डीएनएचे द्विगुणनही होत नाही. एकही काम सुरू होत नाही. या बिंदूपूर्वी पेशी समागमाकडे वळू शकते. तो ओलांडल्यावर तिला चालू विभाजन पुरे करणे भाग पडते. हार्टवेल यांनी या बिंदूला ‘स्टार्ट’ म्हटले. अनुक्रमांकांच्या त्या रुक्ष यादीत अर्थ असलेले नाव आले ते वस्तूला नव्हे, तर क्षणाला.

इकडे एडिंबरो येथे मर्डॉक मिचिसन यांच्या प्रयोगशाळेत पॉल नर्स पोंबेवर काम करीत होते. त्यांना नेहमीपेक्षा आखूड असतानाच विभागणाऱ्या पेशी आढळल्या आणि १९७५ मध्ये त्यांनी तो शोध प्रसिद्ध केला. स्कॉटलंडच्या बोलीतील ‘वी’, म्हणजे चिमुकला, हा शब्द त्या जनुकाला मिळाला. नावातील हा गमतीचा भाग बाजूला ठेवला तरी त्यामागील तर्क फार मोलाचा आहे. यंत्राचा कोणताही भाग मोडला तर यंत्र थांबते. म्हणून थांबण्यावरून तो भाग नियंत्रक होता असे सिद्ध होत नाही. परंतु एखाद्या बदलाने यंत्र लवकर धावू लागले, तर तो बदल वेग ठरविणाऱ्या ठिकाणीच झालेला असला पाहिजे. या संपूर्ण इतिहासातील सर्वांत धारदार युक्तिवाद कोणता असे विचारल्यास याच्याकडेच बोट दाखवावे लागेल.

नर्स यांनी असे सुमारे पन्नास प्रकार जमविले. एक सोडून सर्व एकाच जनुकातील होते. तो एकटा प्रकार ज्या तबकडीवर होता तिच्यावर बुरशी चढली होती. ती कचऱ्यात टाकल्यावर आपण पुन्हा उचलून आणली, असे नर्स यांनी पुढे सांगितले आहे. या प्रकारातील बदल ‘सीडीसी-२’ या आधीच माहीत असलेल्या जनुकात निघाला. हे जनुक निकामी झाले तर विभाजन थांबते, आणि विशिष्ट रीतीने बदलले तर ते लवकर होते. असा दुहेरी पुरावा अन्य कोणत्याही जनुकाबाबत नव्हता.

१९८२ मध्ये बीच, डर्केझ व नर्स यांनी दाखविले की, सेरेव्हिसीचे २८ क्रमांकाचे जनुक पोंबेत घातले असता ते तेथील २ क्रमांकाच्या जनुकाचे काम करते. १९८७ मध्ये मेलनी ली व नर्स यांनी मानवी जनुकांचा संग्रह सदोष पोंबेपेशींत सोडला. ज्या पेशी जगल्या त्यांच्यात तेच काम करणारे मानवी जनुक सापडले. १९८८ मध्ये आणखी एक नाव गळून पडले. मासुई व मार्कर्ट यांनी १९७१ मध्ये बेडकाच्या अंड्यांत ‘एमपीएफ’ या नावाने वर्णिलेला परिपक्वताकारक घटक शुद्ध स्वरूपात हाती आला, तेव्हा त्याचा एक अंश हेच प्रथिन ठरले. दुसरा अंश सायक्लिन होता. सागरी अर्चिनच्या अंड्यांत हळूहळू साठणारे आणि प्रत्येक विभाजनाच्या सुमारास एकाएकी नाहीसे होणारे हे प्रथिन टिम हंट यांना १९८२ मध्ये वुड्स होल येथे दिसले होते. पोंबेच्या यादीतील ‘सीडीसी-१३’ हे सायक्लिनचेच जनुक निघाले.

या शोधांतून उभी राहिलेली यंत्रणा अशी. २८ किंवा २ क्रमांकाचे प्रथिन हे कायनेज आहे. ते इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून त्यांचे कार्य बदलते. त्याचे स्वतःचे प्रमाण चक्रभर जवळजवळ स्थिर असते. बदलते ती त्याची क्रियाशीलता. सायक्लिन चिकटल्याशिवाय ते निष्क्रिय राहते. पोंबेत सायक्लिन चिकटल्यावरही वी-१ त्याच्या १५ व्या टायरोसीनवर फॉस्फेट बसवून त्याला रोखून धरते, आणि सीडीसी-२५ तो फॉस्फेट काढून त्याला मोकळे करते. वी-१ निकामी झाले की लगाम सुटतो. पेशी चिमुकली असतानाच का विभागते, याचा उलगडा येथे होतो. शेवटी सायक्लिनचा नाश झाल्याखेरीज पेशी विभाजनातून बाहेर पडत नाही. त्याच्यावर नाशाची खूण करणारा प्रथिनसंघ १९९५ मध्ये ओळखला गेला, तेव्हा त्याचे काही घटक हार्टवेल यांच्याच यादीतील १६, २३ व २७ हे क्रमांक निघाले. दोन दशके ते क्रमांक अर्थाची वाट पाहत पडून होते.

अनुक्रमांकांची नावे निःपक्षपाती असतात असे मानण्याचा प्रघात आहे, पण येथे त्यांनी घोटाळाही पुष्कळ केला. पोंबेचे सीडीसी-२५ आणि सेरेव्हिसीचे सीडीसी-२५ यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. पहिले फॉस्फेट काढते, तर दुसरे रास नावाच्या प्रथिनाला चालना देते. दोन स्वतंत्र याद्यांतील हा निव्वळ आकड्यांचा योगायोग होय. याउलट सेरेव्हिसीतील वी-१ च्या समकक्ष जनुकाला ‘स्वी-१’ म्हटले गेले, आणि स्कॉच बोलीतील विशेषण अशा रीतीने दुसऱ्या जातीच्या जनुकाला उपसर्ग लावून चिकटले.

१९९१ मध्ये संशोधकांनी या कायनेजांच्या कुळाला ‘सीडीके’, म्हणजे सायक्लिनावलंबी कायनेज, हे सामाईक नाव दिले आणि मानवी प्रथिन त्यात पहिल्या क्रमांकाचे ठरले. २००१ मध्ये हार्टवेल, हंट व नर्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले. यीस्टचे अभ्यासक मात्र आपापल्या निबंधांत अद्यापि एकीकडे २८ आणि दुसरीकडे २ हेच क्रमांक लिहितात.