चार ट्रॅक आणि अनडू

१९६७ साल. लंडनच्या ॲबी रोडला बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ रेकॉर्ड होतोय आणि टेपवर ट्रॅक फक्त चार! चारही भरले की ते मिसळून दुसऱ्या टेपच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे. उरलेल्या जागेत पुढची वाद्यं. पण एकदा मिसळलं की त्यातला ड्रम वेगळा कमी करता यायचा नाही. निर्णय तिथेच, कायमचा.

१९९१मध्ये प्रो टूल्स आलं, तेही चारच ट्रॅक घेऊन. १९९९मध्ये रिकी मार्टिनचं ‘लिव्हिन ला व्हिदा लोका’ पूर्णपणे त्यावर रेकॉर्ड आणि मिक्स होऊन अमेरिकेत नंबर वन झालं. इथे मूळ फाइल तशीच राहते. कट, फेड या फक्त सूचना. म्हणून अनडू होतं. कोड लिहिणाऱ्या मला हे भारीच वाटतं. पण टेपवर जागा संपायची, म्हणून ठरवावंच लागायचं. आता कुठे थांबायचं, ते आपणच सांगायचं.